सोलं, बोंडं आणि शेगूल: शिरोड्याच्या किनाऱ्यावरून क जीवनसत्त्वाच्या मात्रेचा इतिहास

क जीवनसत्त्व रोज किती घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर आज गोळ्यांच्या पाकिटावर मिलिग्रॅममध्ये छापलेले असते, आणि त्यामुळे तो प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा आकडा जहाजांच्या कोठारांतून, वेढ्यात अडकलेल्या पलटणींतून, गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतून आणि कोकणासारख्या किनाऱ्यांवरच्या घरगुती साठवणीतून वाट काढत आजच्या रूपाला आला आहे. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिणेला, तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे वसलेल्या शिरोडा गावाचा परिसर या इतिहासाकडे पाहण्यासाठी विशेष सोयीचा आहे; कारण येथे एका बाजूला मिठागरे आहेत, दुसऱ्या बाजूला कोकमाची आणि काजूची झाडे आहेत, आणि हाकेच्या अंतरावर गोव्याची ती सीमा आहे जिच्यापलीकडून पोर्तुगीजांनी आणलेली अमेरिकेतली फळे या मातीत उतरली. मीठ, आंबट आणि ताजे या तिहींचा येथे जो संबंध घडत गेला, त्यातून असे दिसते की मात्रेचा आकडा ऋतू, साठवण, भांडे आणि प्रत्येकाचे शरीर यांतून गाळून निघाल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

क जीवनसत्त्व, म्हणजेच एस्कॉर्बिक आम्ल, बहुतेक सस्तन प्राणी आपल्या यकृतात साखरेपासून स्वतः तयार करतात. माणूस, माकडे, गिनीपिग आणि वटवाघळांच्या अनेक जाती यांच्या शरीरात मात्र त्या प्रक्रियेच्या शेवटच्या पायरीला लागणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, तयार होत नाही, म्हणून त्यांना हे द्रव्य अन्नातूनच मिळवावे लागते. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन पक्के होण्यासाठी त्याची गरज असते, आणि ते दीर्घकाळ मिळाले नाही तर हिरड्या सुजून रक्त येणे, अंगावर रक्ताचे ठिपके उमटणे, दात हलणे आणि भरून आलेल्या जखमा पुन्हा उकलणे अशी लक्षणे दिसतात. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आयोवा राज्यात तुरुंगातील स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांतून असे आढळले की पूर्ण भरलेल्या प्रौढ शरीरात सुमारे १५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, पुरवठा थांबला तर त्यातले रोज सुमारे ३ टक्के खर्च होते, आणि साठा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास घसरला की स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. बंदिवानाने दिलेल्या संमतीला कितपत मोकळी संमती म्हणावे हा प्रश्न या प्रयोगांच्या बाबतीत गंभीरच आहे, परंतु मिळालेले आकडे पुढच्या सर्व मात्रांच्या मुळाशी राहिले.

या आकड्यांवरून एक साधा हिशोब मांडता येतो, आणि कोकणच्या बाबतीत तो फार बोलका आहे. रोज ३ टक्के या दराने १५०० चे ३०० व्हायला सुमारे ५३ दिवस लागतात. जून महिन्याच्या आरंभी, मृगाच्या पावसाबरोबर एखाद्या माणसाचा ताज्या अन्नाशी संबंध पूर्ण तुटला असे गृहीत धरले, तर त्याचा साठा जुलैच्या अखेरीस, श्रावणाच्या आसपास, धोक्याच्या रेषेला टेकेल. पाऊस मात्र त्यानंतरही दोन महिने चालू असतो. याचा अर्थ असा की वैशाखातली फळे कितीही भरपूर खाल्ली तरी त्या पुंजीवर चार महिन्यांचा पावसाळा निभावणे शरीराला शक्य नाही, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असून गरजेपेक्षा जास्त झालेले लघवीवाटे निघून जाते. दक्षिण कोकणातली माणसे शतकानुशतके हा पावसाळा कशी पार करत आली हे पाहिल्यावर रोजच्या मात्रेचा प्रश्न वेगळ्याच प्रकाशात दिसू लागतो.

पावसाळ्याआधीच्या बेगमीला या किनाऱ्यावर आगोट म्हणतात. होड्या ओढून घेतल्या जाण्यापूर्वी आणि वाटा चिखलात बुडण्यापूर्वी तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, फणसाच्या आठळ्या, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, करमलं, बिंबलं आणि वर्षभराची सोलं घरात भरली जात. या सगळ्या साठवणीचा पाया मीठ हा होता, आणि शिरोड्याच्या मिठागरांचे मोल त्या दृष्टीनेही समजून घ्यावे लागते. भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हावर आटवलेले हे मीठ केवळ चवीपुरते नव्हते, तर मासळी आणि फळे पावसाळ्यापर्यंत टिकवणारे ते मुख्य साधन होते. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर जो सत्याग्रह झाला तो राजकीय इतिहासात योग्य कारणासाठी नोंदला गेला आहे. पण ज्या महिन्यात तो झाला तो महिना घरोघरी आगोटीचा होता, आणि मिठावरचा कर या किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात नेमका त्या महिन्यात सर्वांत जास्त बोचणारा होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

मिठाने अन्न टिकते, परंतु क जीवनसत्त्व टिकत नाही, ही या इतिहासातली मोठी गाठ आहे. हे द्रव्य हवा, उष्णता आणि उजेड यांनी झपाट्याने नष्ट होते, कापलेल्या फळातून पाण्यात उतरते, आणि तांब्याच्या संपर्कात त्याचा नाश आणखी वेगाने होतो. कोकमाची सोलं करताना रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, साली उन्हात वाळवतात, त्याच फळाच्या रसात त्या पुन्हा भिजवून पुन्हा वाळवतात, आणि अशी पुटे चढवत साल काळसर, लवचिक आणि कडक आंबट होईपर्यंत ही क्रिया चालू राहते. आगळ करायची असेल तर सालींवर मीठ घालून सुटलेला रस साठवतात. चवीच्या आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने ही रीत उत्तम आहे, परंतु ऊन, हवा आणि वेळ यांचा इतका मारा झाल्यावर तिच्यात क जीवनसत्त्व फारसे उरण्याची शक्यता नाही. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा असतो. ते आम्ल वाळवण्याने उडून जात नाही, त्यामुळे जीभ फसते. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात कळकतो म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याचा जो दंडक घराघरांत पाळला जाई, त्याने मात्र जेवणातल्या उरल्यासुरल्या क जीवनसत्त्वालाही तांब्यापासून काहीसे संरक्षण मिळत असे, जरी तो दंडक पाळणाऱ्यांच्या मनात विषबाधेचीच भीती होती.

आंबट म्हणजे स्कर्व्हीवरचे औषध, ही समजूत एकट्या कोकणाची नव्हती. युरोपातल्या आरमारांनी तिच्यापायी असंख्य माणसे गमावली. तिचा एक आरंभबिंदू याच किनाऱ्याच्या जवळचा आहे. वास्को द गामाची जहाजे ५ ऑक्टोबर १४९८ रोजी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून आफ्रिकेकडे परत निघाली तेव्हा वारे प्रतिकूल होते, आणि येताना मलिंदीहून कालिकतपर्यंत जे अंतर २३ दिवसांत पार झाले होते त्याला परतताना जवळजवळ तीन महिने लागले. त्या प्रवासात हिरड्या दातांवर चढेपर्यंत सुजल्या, सुमारे ३० माणसे मेली, प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठच खलाशी उरले, आणि पुढे माणसेच पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले. जानेवारी १४९९ मध्ये मलिंदीला पोचल्यावर त्यांनी तातडीने मागितली ती संत्री, कारण जातानाच्या प्रवासात त्यांचा गुण त्यांना दिसला होता. ताज्या फळाचा गुण कळूनही तो जहाजावर टिकवायचा कसा हे मात्र कळत नव्हते. पुढच्या शतकात गोव्यातले राजेशाही रुग्णालय लिस्बनहून आलेल्या जहाजांवरच्या आजाऱ्यांनी भरून जात असे, आणि वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात वखार घातलेल्या डच कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला ताज्या भाजीपाल्यासाठी खास ठाणे वसवले, त्यामागे हेच कारण होते.

मात्रा म्हणून काही मोजण्याचा पहिला शिस्तबद्ध प्रयत्न ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड याने मे १७४७ मध्ये सॉल्झबरी या जहाजावर केला. त्याने १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, आणि ज्यांना रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ते दोघे सर्वांत लवकर बरे झाले. व्हिनेगर आणि सौम्य गंधकाम्ल घेणाऱ्यांना तसा गुण आला नाही, म्हणजे आंबटपणा हे औषध नव्हे हे त्याच प्रयोगात सिद्ध झाले होते. तरीही पुढे लिंडनेच फळांचा रस मंद आचेवर आटवून घट्ट करून ठेवण्याची शिफारस केली, आणि त्या आटवण्यात औषधाचा प्राणच गेला. १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागल्यावर स्कर्व्ही ओसरली, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधल्या लहान कागदी लिंबाचा साठवलेला रस स्वस्त म्हणून स्वीकारला गेला आणि १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत रोग पुन्हा उफाळला. रस आंबट होता, मात्रा नियमाप्रमाणे होती, फक्त त्या मात्रेत असायला हवे ते द्रव्य नव्हते.

या चुकीची किंमत कोकणातल्या माणसांनीही मोजली, आणि तो प्रसंग मराठी वाचकांना फारसा सांगितला गेलेला नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि त्या काळातल्या मराठा पलटणींत दखनी मराठ्यांबरोबर कोकणी मराठेही भरती होत. ही फौज ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा या गावात तुर्की वेढ्यात अडकली. एकाच वेढ्यात, एकाच नदीकाठी, गोऱ्या आणि हिंदी सैनिकांना वेगवेगळे आजार झाले: गोऱ्यांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे ब१ जीवनसत्त्वाच्या अभावी बेरीबेरी झाला, पण ते घोड्याचे ताजे मांस खात असल्याने स्कर्व्हीपासून बऱ्याच अंशी वाचले, कारण ताज्या मांसात हे जीवनसत्त्व थोडे का होईना असते; हिंदी सैनिकांना कोंड्यासह दळलेल्या आट्यामुळे बेरीबेरी झाला नाही, परंतु घोड्याचे मांस धर्माविरुद्ध म्हणून बहुतेकांनी दीर्घकाळ नाकारले आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. वेढ्याबाहेरच्या फौजेचीही स्थिती बरी नव्हती. १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातल्या हिंदी सैनिकांत स्कर्व्हीचे रुग्ण हजारोंच्या संख्येने झाले.

हिंदी सैनिकाच्या शिध्यात स्कर्व्हीविरोधी पदार्थ म्हणून चिंच, कोकम आणि आमचूर असे सुके आंबट पदार्थ धरले जात. ज्यांच्या घरच्या आमटीत सोलं पडत होती, त्यांना युद्धभूमीवर तीच सोलं औषध म्हणून दिली तर ती निदान परकी वाटणार नाहीत, इतका विचार त्यामागे असावा. पण ती काम करतात का, हे कोणी तपासलेले नव्हते. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम व रूथ स्केल्टन यांनी ही तपासणी केली आणि १९१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चिंच, कोकम आणि आमचूर यांची स्कर्व्हीविरोधी शक्ती या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये गिनीपिगांत स्कर्व्ही निर्माण करून दाखवली होती, त्यामुळे आता एखाद्या पदार्थाची नेमकी किती मात्रा रोज दिली की प्राणी रोगापासून वाचतो, हे मोजणे शक्य झाले होते. या कसोटीला सुकी फळे ताज्या रसाच्या आणि कच्च्या कोबीच्या मानाने फारच दुबळी ठरली. ज्या फळाचे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उताराबाहेर सहजी आढळत नाही, त्याची पारख लंडनच्या प्रयोगशाळेत व्हावी आणि ती पारख हजारो माणसे आजारी पडल्यानंतर व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच काळात त्याच संस्थेत आणखी एक निष्कर्ष निघाला, आणि तो मराठी स्वयंपाकाच्या फार जवळचा होता. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, परंतु तेच भिजवून मोड आणले की दोन-तीन दिवसांत ते तयार होते. चिक आणि त्यांच्या सहकारी डेल्फ यांनी १९१९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले, आणि सलोनिका येथे आजारी सर्बियन सैनिकांना मोड आलेल्या घेवड्यावर ठेवून पाहणाऱ्या विल्टशायर या डॉक्टरला तो उपचार लिंबाच्या रसाच्या तोडीचा वाटला. म्हणजे सैन्याने पोत्यांतून कुळीथ, मटकी किंवा मूग नेले असते आणि लढणाऱ्यांना ते भिजवण्यापुरते पाणी व ओले फडके मिळाले असते, तर आंबट सुक्या फळांपेक्षा कितीतरी मोठा आधार त्यांच्या शिध्यातच होता. कोकणातला कुळीथही असाच दुहेरी आहे: भाजून दळून त्याची पिठी केली तर तिच्यातून हे जीवनसत्त्व मिळत नाही, आणि मोड आणून उसळ केली तर, फार वेळ शिजवली नाही तर, थोडे मिळते.

या सर्व प्रयोगांतून मात्रेला एकक मिळाले. राष्ट्रसंघाच्या वतीने १९३१ मध्ये ठरलेले पहिले आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे ०.१ मिलिलिटर लिंबाच्या रसाची शक्ती असे होते. त्यानंतर सेंट-ग्यॉर्गी, किंग, हॅवर्थ आणि राइखश्टाइन यांच्या कामातून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करणे, त्याची रचना उलगडणे आणि ते कृत्रिमरीत्या बनवणे शक्य झाले, आणि १९३४ मध्ये एककाची व्याख्या ०.०५ मिलिग्रॅम शुद्ध एस्कॉर्बिक आम्ल अशी बदलली. फळ बाजूला राहिले आणि मिलिग्रॅम पुढे आला. भारतात हे मोजमाप कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत झाले. मॅकॅरिसन यांनी उभारलेली आणि १९३५ पासून एक्रॉइड यांनी चालवलेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३७ मध्ये तिने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि त्या परंपरेतल्या तक्त्यांत आवळा सर्वांच्या वर बसला; १९३९-४० च्या हिसारच्या दुष्काळात स्कर्व्हीवर आवळ्याचा उपयोग करून त्याचा गुण पाहिलाही गेला.

आवळ्याचा आकडा मात्र सावधपणे वाचावा लागतो. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले आहे, तर त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तो आकडा सुमारे २५० आहे. शेवग्याच्या पाल्याचा जुना आकडा २२० होता, नवा त्याच्या जवळजवळ निम्मा आहे. फळाची जात, पक्वता, तोडल्यापासून गेलेला वेळ आणि मोजण्याची पद्धत या सर्वांनी असे फरक पडतात, आणि म्हणून तक्त्यातला आकडा हाताशी असला तरी पानात पडलेल्या घासाची खरी मात्रा त्यावरून अचूक सांगता येत नाही. कोकणी पंचांगाने आवळ्याला जी जागा दिली ती मात्र अचूक होती: कार्तिकात तुळशीच्या लग्नाला आवळा आणि चिंच लागते, आवळीखाली बसून भोजन होते, आणि पावसाळ्यात ओसरत आलेला शरीरातला साठा भरून काढण्याचे दिवस तेच असतात.

आवळा येथला जुना रहिवासी आहे. चरकसंहितेत च्यवनप्राशाच्या पाठात ५०० आवळे सांगितलेले आहेत. परंतु आज दक्षिण कोकणात क जीवनसत्त्व देणारी बरीच झाडे सोळाव्या शतकानंतरची पाहुणी आहेत. काजू, पेरू, पपई, अननस आणि मिरची या सर्वांचे मूळ अमेरिकेत आहे, आणि त्यांतली बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्याला लागली. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात काजू नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाव द कोस्ताने कोचीनच्या बागांत तो पाहिल्याचे लिहिले आहे. काजूच्या बोंडात जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅममागे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या कित्येक पट. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत शिरोडा, आरवली, रेडी या पट्ट्यात बोंडांचा खच पडतो, पण घशाला ओढणाऱ्या तुरटपणामुळे आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांतच ती आंबत असल्यामुळे बी काढून घेतली की बोंड बहुधा झाडाखालीच राहते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींनी कोकणातल्या शेतकऱ्याला खरोखर उभे केले. तेथे मुख्य लक्ष बियांचे वजन आणि उत्पन्न यांवर राहिले हे बाजाराला धरूनच होते, परंतु बोंडाच्या वाट्याला तेवढी आस्था आली असती तर या किनाऱ्याचा उन्हाळा आणखी समृद्ध झाला असता.

पावसाळ्यातल्या त्या ५३ दिवसांच्या हिशोबाकडे आता वळता येते. आगोटीतली सोलं आणि खारातल्या कैऱ्या जर क जीवनसत्त्वाचा भार उचलू शकत नव्हत्या, तर तो कोणी उचलला? उत्तर साठवणीत मिळत नाही, ते परसात आणि बांधावर मिळते. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, मग कुर्डू, भारंगी आणि अळू येते, परसातली मिरची आणि पपई चालू असते, पावसाळी पेरू लागतात. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचे सांबारे आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी करण्याची मालवणी रीत आहे. तो दिवस श्रावण वद्य अष्टमीचा, म्हणजे हिशोबातल्या धोक्याच्या रेषेच्या जवळचा. ही रीत जीवनसत्त्वासाठी पडली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या वेळी जो पाला कोवळा आणि भरपूर असतो तो सणाच्या पानात आला, इतकेच म्हणता येते. पण औषध म्हणून ज्याकडे कोणी पाहिले नाही त्या पाल्याने ते काम केले आणि औषध म्हणून ज्यावर विश्वास ठेवला त्या सोलांनी ते केले नाही, हे निरीक्षण महत्त्वाचे आहे.

रोज किती, याच्या आधुनिक उत्तराची कथा त्या मानाने थोडक्यात सांगता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे युद्धाला नैतिक विरोध असलेल्या २० स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात रोज १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेने स्कर्व्ही टळते आणि बरीही होते असे दिसले. भारतात २०१० च्या शिफारशीत प्रौढांसाठी ४० मिलिग्रॅम धरले गेले, आणि त्यात शिजवताना निम्मे जीवनसत्त्व नष्ट होते हे गृहीत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात पुरुषांसाठी ८०, स्त्रियांसाठी ६५, गरोदरपणी ८० आणि अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी ११५ मिलिग्रॅम असे आकडे आले. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांना ३५ मिलिग्रॅम जास्त सांगितले जाते, कारण धुराने या द्रव्याचा खर्च वाढतो. विडी ओढणाऱ्या माणसाला हा नियम लागू होतोच. १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सर्दी टाळण्यासाठी ग्रॅमच्या मात्रा सुचवल्या, आणि १९८१ मध्ये रॉबर्ट कॅथकार्ट या डॉक्टरने जुलाब सुरू होईपर्यंत मात्रा वाढवत नेऊन त्याच्या थोडी खाली प्रत्येकाची स्वतःची मात्रा ठरवावी असे मांडले. हा मार्ग दिसायला व्यक्तिगत असला तरी चुकीचा आहे, कारण जुलाब हे आतड्यात न शोषलेले आम्ल उरल्याचे चिन्ह आहे, शरीराच्या गरजेचे नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन यांनी १९९६ मध्ये सात निरोगी पुरुषांवर केलेल्या मोजणीत पेशी रोज १०० मिलिग्रॅमलाच भरतात, २०० नंतर रक्तातली पातळी फारशी वाढत नाही आणि ५०० च्या पुढे शोषणच घटते असे आढळले. सर्दीच्या बाबतीत एकत्रित पाहण्यांतून नियमित मात्रेने सर्वसामान्य माणसांत सर्दी टळत नाही, तिचा काळ थोडासा कमी होतो एवढेच निघाले. आणि स्वीडनमधल्या पुरुषांच्या पाहणीत मोठ्या मात्रेच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण अधिक दिसले. म्हणून स्वतःची मात्रा शोधणाऱ्याने पाहायचे ते वय, गरोदरपण, अंगावर पाजणे, तंबाखू, आजार आणि पानातल्या ताज्या अन्नाचा वाटा हे. मूत्रपिंडाचा विकार किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असणाऱ्याने गोळ्यांपूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे.

या सर्वांत सर्वाधिक काळजीचा आकडा ११५ चा आहे, कारण तो ज्या स्त्रीला लागू होतो तिच्या पानातून रूढीने आंबट काढून घेतलेले असते. बाळंतिणीला आंबट वर्ज्य ही समजूत कोकणात आणि महाराष्ट्रात इतरत्रही खोल रुजलेली आहे, आणि आषाढात बाळंत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत तिला पावसाळ्यातल्या ताज्या अन्नाच्या टंचाईची जोड मिळते. आईच्या दुधातूनच बाळाला हे जीवनसत्त्व मिळत असल्याने तूट दोघांना भोवते, शिवाय त्याच घासात ते असले तर वनस्पतिज अन्नातले लोह अंगी लागते, ज्याची बाळंतिणीला फार गरज असते. परंतु कोकमाच्या इतिहासाने जे दाखवले तेच येथे उलट्या बाजूने उपयोगी पडते: आंबट म्हणजे क जीवनसत्त्व नव्हे, आणि क जीवनसत्त्व म्हणजे आंबटही नव्हे. पिकलेल्या पेरूत ते भरपूर आहे, शेवग्याच्या शेंगांत आहे, झटपट परतलेल्या शेगलात आहे, आणि यांतले काहीच आंबट नाही. त्यामुळे घरातल्या वडील बायकांचा शब्द न मोडताही शिरोड्याच्या परसातून त्या दिवसांची मात्रा पुरी होऊ शकते.